रत्नाबाईंचा कान

रत्नाबाईंनी ते गवार मोडता मोडता सांगितलं. मान वर करून सांगितलं असतं, तर खंडेरावांना कदाचित एवढं लागलं नसतं.

"पंधरा मार्चला माझा निरोप आहे. अंगणवाडीत फोटो लावणार आहेत माझा. मोठा, फ्रेमचा."

"हार घालून?"

"जिभेला काही हाड? तेहतीस वर्षं सालवडच्या पोरांचे शेंबूड पुसले मी. एक फोटो लावला म्हणून भिंत झिजत नाही कुणाची." त्यांनी एका शेंगेची शीर सर्रकन ओढली. "तर तो मी झुंबरभाऊजींकडून काढून घेणार आहे."

कॅमेरा त्या वेळी खंडेरावांच्या मांडीवर होता. जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं ते त्याचं भिंग पुसत होते. फडकं तिथंच थांबलं.

"माझ्या हातात काय आहे, दिसतंय का तुला?"

"दिसतंय ना. पण एक तारखेला तो त्यांच्याकडेच जाईल. एवढी घाई नाही."

"आज वीस फेब्रुवारी. फेब्रुवारी माझा आहे."

"महिना तुमचाच आहे हो," रत्नाबाई म्हणाल्या, "पण तुम्ही माझ्या कानाचा फोटो काढता."

खंडेरावांनी फडकं पुन्हा भिंगावर फिरवायला घेतलं. ते खरंच होतं.

खंडेराव बोऱ्हाडे मूळचे सिन्नरकडचे. मिसरूड फुटल्यावर दोनचार वर्षांत बोईसरच्या एमआयडीसीत आले, रंगाच्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून चिकटले आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी तिथूनच हारतुरे घेऊन घरी आले. काम काय, तर गेज तपासायचं. पाइपातला दाब किती ते सांगणारा काटा खरं बोलतो की खोटं, एवढंच आयुष्यभर बघितलं. खंडेरावांच्या हाताखालून गेलेलं गेज डोळे मिटून लावावं, असं सुपरवायझर म्हणत. नव्या हेल्परला ते पहिल्याच दिवशी झापायचे: "काटा शून्यावर आला म्हणून नाचू नकोस. शून्यावर मेलेलं गेजही बरोबरच असतं. दाब भर. वरच्या टोकाला जा. तिथं काय म्हणतंय ते मला सांग." आणि जे गेज खोटं निघेल, त्याला तिथल्या तिथं लाल टॅग. टॅगवर दोष लिहायचा, खाली स्वतःचं नाव. खोटं गेज टॅग न लावता दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस त्यांच्या लेखी खिसेकापूच्या जातीचा.

झुंबर सानप त्याच कारखान्यात फिटर. बीडकडचा, हातानं दणकट, बोलायला मऊ. दोघांनी सालवडला शेजारशेजारच्या खोल्यांत दहा वर्षं काढली, मग झुंबरनं नवापूर रस्त्याला घर बांधलं. मैत्री चाळीस वर्षांची. तिच्यात कुसळ शिरलं ते कॅमेऱ्यापासून.

कॅमेरा जपानी साहेबाचा. कारखान्यात नवं ड्रायर बसवायला तो आठ महिने येऊन राहिला होता. त्याला ना हिंदी येत होती ना मराठी, आणि कॅन्टीनची डाळ बघून तो नुसता बसून राहायचा. खंडेराव आणि झुंबर आपापल्या डब्यातली भाकरी त्याच्यापुढे सरकवायचे. जायच्या दिवशी साहेबानं गळ्यातला कॅमेरा काढला, दोन्ही हातांवर ठेवला आणि दोघांच्या बरोबर मध्ये धरला. तो कोणाला दिला हे आजतागायत ठरलेलं नाही. पुढे रोल मिळेनासे झाले, कॅमेरा माळ्यावर गेला. नऊ वर्षांपूर्वी खंडेरावांची मुलगी वैभवी पुण्याहून दोन रोल घेऊन आली, म्हणाली, बाबा, हे परत मिळायला लागलेत. तेव्हापासून वहिवाट अशी की एक महिना खंडेरावांचा, एक झुंबरचा. एक तारखेला सालवड नाक्यावर चहा प्यायचा आणि कॅमेरा बदली करायचा.

आता या कॅमेऱ्याची गंमत अशी की भिंगातून काही दिसत नाही. बाजूच्या खिडकीला डोळा लावायचा. खिडकीच्या मधोमध एक पिवळसर चौकोन, आणि त्या चौकोनात समोरच्या माणसाची दुसरी, फिकट प्रतिमा तरंगत असते, मूळ माणसापासून जराशी सरकलेली. भिंगाची कडी फिरवत जायचं. ते भूत माणसात शिरून दोघं एक झाले की अंतर जुळलं, बटण दाबायचं. भिंग एक पॉइंट चारचं, म्हणजे भलतंच उघडणारं. ट्यूबलाइटच्या उजेडातसुद्धा फोटो येतो. पण पूर्ण उघडलं की जेवढं स्पष्ट येतं त्याची फोड काकडीच्या चकतीएवढी पातळ. हातभर अंतरावरच्या माणसाचे डोळे साधले तर कान विरघळतो, आणि कान साधला तर डोळे.

झुंबरला डोळे साधत.

खंडेरावांना कान.

तोच कॅमेरा, तेच भिंग, तोच रोल, धुऊन देणारी मुंबईची लॅबही तीच. दोष द्यायला स्वतःच्या हाताशिवाय काही शिल्लकच नव्हतं, आणि हाताला दोष द्यायची खंडेरावांना सवय नव्हती. दोन वर्षांपूर्वी झुंबरच्या नातीच्या बारशाला झुंबरनं रत्नाबाईंचा एक फोटो काढला. पापण्या मोजून घ्याव्यात असा. रत्नाबाईंनी तो व्हॉट्सॲपला लावला तो लावलाच. "येताना कोथिंबीर आणा" एवढा मेसेज आला, तरी खंडेरावांना आधी झुंबरचा फोटो बघावा लागे.

मनाची समजूत घालायला त्यांच्याकडे एकच गोष्ट होती. महिन्याच्या सुरुवातीला कॅमेरा झुंबरकडून आला की ते गच्चीत जात. गच्चीतून दीडदोन किलोमीटरवर कारखान्याची उंच चिमणी दिसते. कडी शेवटच्या टोकाला, अनंतावर नेऊन त्या चिमणीकडे बघितलं की खिडकीत एकच चिमणी दिसायला हवी. दर वेळी दोन दिसत. अगदी केसाएवढं अंतर, पण दोन. "आपटतो," खंडेराव स्वतःशी म्हणत. "फिटरचा हात शेवटी." मग घड्याळजीचा बारीक पेचकस घेऊन पुढची गोल टिकली काढत, आतला स्क्रू चिमटीभर फिरवून दोन्ही चिमण्या एक करत आणि टिकली परत बसवत. झुंबरला कधी बोलले नाहीत. मित्राच्या हाताचा जडपणा तोंडावर काढू नये. शिवाय मनातल्या मनात झुंबरमधली ती एक खोट त्यांना हवी होती. डोळे झुंबरचे असतील, पण कॅमेरा आपण सांभाळतो.

वीस तारखेचं ते गवारीचं बोलणं झाल्यावर मात्र खंडेराव इरेला पेटले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी खुर्ची मांडली.

"बस."

"पोळ्या व्हायच्यात."

"होतील. कुड्या घाल कानात."

"कुड्या कशाला? त्याच तर येतात," म्हणत रत्नाबाई बसल्या. निळं लुगडं, कपाळावर नेहमीचं बारीक कुंकू. "हसू का?"

"नको. हलू नकोस नुसती."

"श्वास?"

"बेतानं घे."

"भाऊजी म्हणतात, वहिनी, तुम्ही आपल्या बोलत राहा."

खंडेरावांनी खिडकीतून डोळा काढला. "भाऊजी अजून काय काय म्हणतात?"

"बघा, हलले तुम्हीच."

छत्तीस फोटो काढले. प्रत्येक वेळी पिवळ्या चौकोनात रत्नाबाईंच्या डाव्या डोळ्याचं भूत डोळ्यात नेऊन बसवलं, असं बसवलं की सुई शिरू नये. रोल कुरिअरनं मुंबईला गेला. सत्तावीसला संध्याकाळी फोटो फोनवर आले. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत कुडीचे सातही मोती टपोरे, कानाच्या पाळीवरची लवसुद्धा दिसत होती. डोळे मात्र वाफेमागे गेल्यासारखे.

रत्नाबाईंनी चष्मा नाकावर ओढून सगळे बघितले. एकेक, सावकाश.

"कुडी छान आलीये," त्या म्हणाल्या.

त्यांनी टोमणा मारला असता तर खंडेरावांना परवडलं असतं.

अठ्ठावीसला ऊन उतरल्यावर ते गच्चीत गेले. उद्या कॅमेरा जाणार, झुंबर येणार, रत्नाबाई त्याच्यासमोर बसून बोलत राहणार. तो फोटो अंगणवाडीत लागणार आणि सगळं सालवड विचारणार, कोणी काढला हो? खंडेरावांनी टिकली काढली. पेचकस आत घातला. नेहमी ते स्क्रू चिमण्या जवळ आणायला फिरवत, आज लांब न्यायला फिरवला. चिमणीतून दुसरी चिमणी निघाली आणि शेजारी जाऊन उभी राहिली. अजून थोडा. आता दोघींच्या मधून आभाळ दिसत होतं.

टिकली बसवली. काम सफाईदार झालं होतं. चाळीस वर्षांत असं काम त्यांनी एकदाही केलं नव्हतं. लाल टॅगची आठवण झाली, आणि ते जिन्यावरून नेहमीपेक्षा भराभरा उतरले.

एक तारखेला सालवड नाक्यावर झुंबर आधीच येऊन बसला होता. कॅमेरा स्टीलच्या गोल डब्यात असतो, खाऱ्या हवेनं बुरशी धरू नये म्हणून आत ओल शोषणाऱ्या पुड्या. चहावाल्याला वर्षानुवर्षं वाटतं की हे दोघं लाडू बदलतात.

"क्या चाचा, इस महीने किसके घर का लड्डू?"

"याच्या," झुंबर म्हणाला आणि डबा पिशवीत ठेवला. "वहिनींचा फोन आला होता रे. परवा येतो. सकाळचं ऊन दाराशी येतं ना तुमच्या?"

"येतं."

"तू काढले असशील की आधीच. तुझ्याकडे होता महिनाभर."

"काढले. पाठवलेत धुवायला," खंडेराव खोटं बोलले. कालचा स्क्रू धरून हे दुसरं खोटं. मोजायची सवय जात नाही.

झुंबर त्यांच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. "डोळे बरे आहेत ना खंडू?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीये?"

"काही नाही, आपलं विचारलं."

दुसऱ्या दिवशी रत्नाबाईंनी खंडेरावांना नवापूरला पिटाळलं. निरोपाच्या जेवणाला मदतनीस बायकांना सुक्या बोंबलाची चटणी हवी होती, आणि सुके बोंबील किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या लाडकीकडचेच. खंडेराव शेअर रिक्षातून उतरून किनाऱ्याकडे वळले. वाळूत बांबू रोवलेले, त्यांना दोऱ्या बांधलेल्या, आणि दोऱ्यांवर बोंबील. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडीनं टांगलेले, रांगाच्या रांगा, थेट पाण्यापर्यंत.

आणि एका रांगेच्या टोकाशी झुंबर.

खंडेराव ओढून ठेवलेल्या होडीच्या आड झाले. का झाले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. झुंबरनं कॅमेरा तिकाटण्यावर बसवला होता, रांगेच्या तिरका, म्हणजे पहिला बोंबील जवळ, शेवटचा लांब. कॅमेऱ्याची पाठ उघडी होती. आत रोल नव्हता. रोलच्या जागी दुधी रंगाची चिकटपट्टी ताणून लावलेली. झुंबरनं डोक्यावरून काळं फडकं घेतलं आणि घड्याळजी वापरतात तसलं भिंग डोळ्याला लावून त्या पट्टीकडे बघायला लागला. लाडकी कमरेवर हात ठेवून शेजारी उभी होती.

"मना बगू दे आदी," ती म्हणाली.

"थांब गं. दोरा लावलेला कितवा?"

"पाचवा. लाल दोरा पाचव्याला बांदलाय, दर टायमासारका. बगू दे की. उलटे बोंबील बगाया मजा येते."

"पाचव्यावर भूत जुळवलंय मी खिडकीतून. आता पट्टीवर पाचवाच स्पष्ट यायला पाहिजे." फडक्याआडून झुंबरचा आवाज दबलेला येत होता. "आठवा येतोय."

"आठवा? दर टायमाला तर सावा येते."

"हो ना. दर वेळी एक बोंबील मागं जातो. आज तीन गेले."

"मंग कॅमेरा बिगाडला."

झुंबर फडक्यातून बाहेर आला. घाम पुसला. "कॅमेरा नाही गं. माझा दोस्त वापरतो महिनाभर, तो स्क्रू फिरवतो. पहिल्यापासून फिरवतो. हाडाचा मेकॅनिक, त्याला हात लावल्याशिवाय चैन पडत नाही. मी आपला आणल्यावर इथं येऊन नीट करून घेतो."

"त्याला सांगत नाय तुमी?"

"काय सांगणार? आयुष्यभर दुसऱ्यांची गेजं तपासली त्यानं. त्याला म्हणू, तुझं चुकतंय?" झुंबरनं खिशातून बारीक पेचकस काढला, टिकली उघडली. "एवढे दिवस एक बोंबील जायचा तर मी म्हणायचो, जाऊ दे, सवय आहे. पण तीन म्हणजे डोळेच गेले असणार बिचाऱ्याचे. काल विचारलं तर अंगावर आला. पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला पाहिजे. वहिनींशी बोलतो."

बिचाऱ्याचे. होडीच्या डांबराचा वास खंडेरावांच्या नाकात भरला होता आणि तो एक शब्द कानात. नऊ वर्षं ते झुंबरवर जळत होते, आणि झुंबर नऊ वर्षं त्यांची कीव करत होता. जळणाऱ्या माणसाला निदान ऊब असते. याला काय म्हणावं?

मग हळूहळू दुसरी गोष्ट डोक्यात उतरली, आणि ती जास्त वाईट होती. दर वेळी चिमण्या दोन का दिसत होत्या? झुंबर आपटत नव्हता. झुंबर जवळचं अंतर नीट करत होता, त्यामुळं लांबचं बिघडत होतं. आणि मी लांबचं नीट करत होतो, त्यामुळं जवळचं. चिमणी म्हणजे शून्य. मी नऊ वर्षं शून्यावर काटा आणून टिकली लावली. दाब भरून वरच्या टोकाला एकदाही गेलो नाही. हेल्परला ज्यासाठी झापलं, नेमकं तेच. शून्यावर मेलेलं गेजही बरोबरच असतं, खंडेराव बोऱ्हाडे.

"ओ सालवडवाले," लाडकीचा खणखणीत आवाज आला. "होरीच्या आड काय करताव? बोंबील पायजेत ना? इकरं या की."

झुंबर वळला. 

"कधी आलास?" झुंबरनं विचारलं.

"आत्ताच," खंडेराव म्हणाले. तिसरं खोटं. बोंबील घेतले आणि मागं न बघता रिक्षाकडे चालायला लागले.

त्या दिवशी घरी ते जेवले नाहीत. रत्नाबाईंनी विचारलं, पोट बिघडलं का, तर हो म्हणाले. तेही म्हटलं तर खरंच होतं.

तीन तारखेला सकाळी झुंबर आला. ऊन दाराशी आलं होतं, खुर्ची मांडलेली होती. रत्नाबाई निळ्या लुगड्यात, कानात कुड्या. झुंबरनं डबा उघडला, कॅमेरा काढला आणि खंडेरावांपुढे धरला, दोन्ही हातांवर, जपानी साहेबानं धरला होता तसा.

"तू काढ," तो म्हणाला. "आज डोळ्यांवर बरोबर आहे. मी बघून आलोय."

रत्नाबाई खंडेरावांकडे बघायला लागल्या. खंडेराव कॅमेऱ्याकडे. घेतला तर आज डोळे येणार होते. छत्तीस फोटो काढून जे मिळालं नव्हतं ते झुंबरनं डब्यातून आणून दिलं होतं, शेजारणीनं वाटीभर भाजी द्यावी तसं. आणि फोटोखाली नाव खंडेरावांचं लागलं असतं. घ्यायला काहीच हरकत नव्हती. 

"नको," खंडेराव म्हणाले. "तूच काढ. त्याआधी एक काम आहे."

ते आत गेले. पत्र्याच्या पेटीत निवृत्तीच्या वेळी घरी आलेलं सटरफटर होतं, त्यात लाल टॅगची एक गड्डी. एक काढला. पेनानं लिहायला बसले. लिहिताना ओठ हलत होते. बाहेर येऊन तो टॅग त्यांनी कॅमेऱ्याला बांधायला घेतला, पण दोरा बोटांत अडकायला लागला. रत्नाबाईंनी हात पुढे केला आणि टॅग काढूनच घेतला.

"काय लिहिलंय बघू." त्यांनी चष्मा वर केला, कागद लांब धरला आणि अंगणवाडीत पोरांना वाचून दाखवतात तशा सुरात वाचायला लागल्या. "लांबचं बरोबर. जवळचं नापास. नऊ वर्षांपासून. अठ्ठावीस फेब्रुवारीला स्क्रू मुद्दाम बिघडवला, टॅग न लावता दिला. कारण," इथं त्या थांबल्या, कागद अजून लांब धरला, "कारण, पोटदुखी. तपासणारा, खंडेराव बोऱ्हाडे. दोषी, सदर."

 शेजारच्या घरी कुकरची शिट्टी झाली.

"मुद्दाम?" झुंबर म्हणाला. "ते तीन बोंबील तू केलेस?"

"मी केले."

"अरे गाढवा," झुंबर शांतपणे म्हणाला, "मी पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसलोय. उद्या साडेदहाचा."

"तूच जा मग. नऊ वर्षांत तुला एकदा सांगता नाही आलं?"

"सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"नसतं."

"मग?"

"मग तरी सांगायचं. कीव कशाला केलीस?"

"कीव?" झुंबरचा आवाज आता चढला. "तुझ्या त्या होड्या, लांबच्या, संध्याकाळच्या, वैतरणेच्या पुलावरून काढलेल्या, त्या बघून मी एवढासा होतो. माझी एक होडी धड येत नाही. वाटायचं, लांबचं बघायला नजर लागते, ती खंडूकडे आहे. मी मग बायकांच्या पापण्याच काढत बसलो."

"बायकांच्या म्हणू नकोस."

"का, आता त्याचीही पोटदुखी?"

आणि रत्नाबाई हसायला लागल्या. आधी नुसते खांदे हलले, मग पदर तोंडाकडे नेता नेता राहिला, टॅग तसाच हातात, चष्मा कपाळावर, आणि दोघा म्हाताऱ्यांकडे बघत त्या अशा हसल्या की खुर्ची मागं सरकली. "नऊ वर्षं," त्यांना बोलताही येईना. "नऊ वर्षं दोघं एकच स्क्रू पिळतायत, आणि मी म्हणते, माझा कानच मोठा आहे."

झुंबर भांडता भांडता फिटरच्या हातानं कॅमेरा डोळ्याला लावून मोकळा झाला. कडीला हातसुद्धा लावला नाही, नुसता अंगानं मागंपुढं झुलला, भूत जुळलं तिथं थांबला. बटणाचा बारीक आवाज झाला.

खंडेरावांनी तो ऐकला. नेहमीच्या महिन्यात त्यांच्या हातात होतो तसाच आवाज होता.

पंधरा मार्चला अंगणवाडीत भिंतीवर तो फोटो लागला. रत्नाबाई हसताहेत, पापण्या मोजून घ्याव्यात, डोळ्यांच्या कडांना पाणी, तेही स्पष्ट. हातात एक लाल कागद. बायका फोटोपुढं थांबत आणि झुंबरला म्हणत, भाऊ, काय काढलाय. झुंबर लाजून खंडेरावांकडे हात करायचा, की कॅमेरा याचाही आहे, आणि खंडेरावांना ते तर आणखीच नको वाटत होतं. कुणीतरी विचारलं, हातात काय आहे हो, पोलिओचं कार्ड का? रत्नाबाई म्हणाल्या, "हो, डोस द्यायचा राहिला होता एकाचा."

खंडेराव चहाचा कागदी कप घेऊन फोटोसमोर उभे होते. बराच वेळ. पोटातली ती जुनी कळ गेली नव्हती, खोटं कशाला बोला. टॅग बांधल्यानं गेज दुरुस्त होत नाही, चुकतंय एवढंच कळतं. एप्रिल त्यांचा होता. दोन टोकं आहेत, शून्य आणि वरचं. एका स्क्रूनं दोन्ही जमत नाहीत, आतल्या दांडीची लांबीही थोडी बदलावी लागते, आणि ते काम एकट्याचं नाही. एकानं गच्चीत चिमणीकडे बघायचं, दुसऱ्यानं नवापूरला बोंबलाकडे, आणि फोनवर एकमेकांना सांगायचं. झुंबरशी तसं ठरलंही होतं. लाडकीनं लाल दोरा काढू नये म्हणून निरोप गेला होता.

ते फोटोच्या अजून जवळ गेले. डोळ्यांवरून नजर मागं नेली. गालाच्या मागं, केसांच्या बटेजवळ कुडीचे मोती एकात एक मिसळून गेले होते. धुक्यात गेल्यासारखा कान.

रत्नाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. नवी साडी, हातात नारळ. "काय बघताय एवढं?"

"काही नाही," खंडेराव म्हणाले. "झुंबरला कान नाही जमला."